बाबांचं टपाल आणि आईचे कौल

॥ श्री ॥

इंदूर, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. गच्चीवरची टाकी धुऊन घेतली, आईच्या कुंड्यांना रोज पाणी घालते, शेजारच्या काकूंनी दोनदा मेथी आणून दिली. घराची काळजी करू नका. पुण्यात दादाकडे नीट राहा आणि आईचा गुडघा काय म्हणतो ते खरं खरं कळवा.

पत्रास कारण की, परवा फोनवर आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवरून तुमचं दोघांचं जे वाजलं ते अर्धवटच राहिलं. आईने मला जुन्या इंदुरातल्या चिंतामण गणपतीकडे जाऊन, जिथे पुजारी मूर्तीच्या कानाशी फोन धरतात, फोन लावून द्यायला सांगितलं आणि बाबा मागून ओरडले, "सांग तिला, देवाने निरोप पाठवणं कधीच बंद केलंय! अर्ध्या आण्यात पत्र जायला लागलं त्याच दिवशी त्याचं दुकान बसलं!" मग आईने फोन दादाच्या हातात दिला. बाबा, तुमच्याशी फोनवर वाद घालता येत नाही, अंगाशी आलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून पत्र लिहिते आहे, ते मधेच ठेवता येणार नाही.

आधी टपालखात्यात नोकरी केलेल्या बाबांची बाजू घेते, म्हणजे ते पुढचं वाचतील. तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं. 1854 च्या ऑक्टोबरच्या आधी पत्राचा दर अंतराप्रमाणे होता, आणि पैसे पुष्कळदा ज्याला पत्र मिळालं त्यालाच भरावे लागत. ते आपल्यासारख्यांचं काम नव्हतंच. मग पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा झाला आणि 1879 च्या जुलैपासून पाव आण्यात कार्ड मिळू लागलं. आपल्या होळकरांनीही 1886 मध्ये तुकोजीरावांच्या चित्राचं स्वतःचं तिकीट काढलं. त्याआधी घरातला माणूस तीर्थाला, लढाईला नाहीतर नोकरीला बाहेर पडला की उंबऱ्याबाहेर नाहीसाच व्हायचा. परत आला तर आला. मधल्या काळात बायकांनी करायचं काय? कावळा कुठल्या बाजूला ओरडला, कुठला डोळा लवला, पहाटे पिंगळा काय बोलून गेला, हेच बघायचं. दुसरं काही हाताशी नव्हतं.

राजवाड्यातही वेगळी तऱ्हा नव्हती. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर जे झालं ते नानासाहेब पेशव्यांना दहा दिवसांनी कळलं, तेही आपल्या इथे भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, आणि एका सावकाराच्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीत एवढंच, की दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. एवढं मोठं राज्य, पदरी जासूद-हरकारे, आणि घरचा मुलगा आणि चुलतभाऊ गेल्याची बातमी कळावी ती व्यापाऱ्याच्या कागदातून. (मल्हारराव होळकर रणातून आधी का निघाले ह्यावर बाबा आता सुरू होतील. ते पुढच्या पत्रात.) त्या चुलतभावाचं, सदाशिवरावभाऊंचं, शव सापडलं, अग्नी दिला, अशा बातम्या आल्या, पण मनाला पटावी अशी एकही नसावी. पार्वतीबाईंनी नवरा गेल्याचं शेवटपर्यंत मानलं नाही. त्या 1783 साली गेल्या, म्हणजे बावीस वर्षं हे चाललं. मधे भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, 1776 साली त्याला ठार केला तरी कुजबुज थांबेना. मला नेहमी वाटतं, तोतयाला तोतयाने उभं केलं नाही, न आलेल्या पत्राने केलं. जिथे खात्रीची बातमी पोचत नाही तिथे काहीतरी येऊन बसतंच. स्वप्न येतं, शकुन येतो, नाहीतर तोतया येतो.

इथपर्यंत बाबा खूश असतील. आता आईकडे वळते.

आई, तू लहानपणी राजापूरच्या बाजूला आजोळी बघितलेला कौल इतक्या वेळा सांगितला आहेस की मला तो स्वतः बघितल्यासारखा वाटतो. पाषाण धुऊन घेतलेला, त्यावर गुरव ओल्या कळ्या चिकटवतोय, उजवीकडे काही, डावीकडे काही. मग गाऱ्हाणं, मागून सगळ्यांचं "व्हय महाराजा", आणि मग कुणीच बोलत नाही. सगळ्यांचे डोळे कळ्यांवर. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि कुठलीच पडेना तर गुरव पुन्हा विनवतो, कधी देवाला चार शब्द सुनावतोही. विचारायचे काय, तर लग्न जमवू का, विहीर कुठे खणू, भावाशी वाटण्या करू का. आणि मुंबईला गिरणीत गेलेला मुलगा बरा आहे ना.

ह्या यादीत दोन वेगवेगळी कामं आहेत हे मला आत्ता, तुमच्या भांडणामुळे, लक्षात आलं. पहिली सगळी कामं निर्णयाची, शेवटचं तेवढं बातमीचं. देवाकडे ही दोन्ही खाती होती. त्यातलं बातमीचं खातं टपालाने काढून घेतलं, त्याबद्दल बाबांनी कॉलर ताठ करावी. आजी म्हणायची ना, की मुंबईच्या माणसांबद्दलचे कौल पावसाळ्यात जास्त लागायचे? पावसाळ्यात बोटी बंद. टपाल घाटाने फिरून यायचं, खाडी भरली की तेही अडायचं. पाऊस सरून बोटी सुरू झाल्या, मनीऑर्डर आली, तिच्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळी आल्या, "मी खुशाल आहे, काळजी नसावी", की पुढच्या पावसापर्यंत त्या प्रश्नासाठी कुणी देवळाची पायरी चढत नसे. त्याच देवावर तोच विश्वास, फक्त प्रश्न उरत नसे. निर्णयाचे कौल मात्र बारा महिने चालू. विहीर कुठे खणावी हे कुठल्याही कार्डावर लिहून येत नाही.

मामाचं पत्र मात्र तुम्हा दोघांना मी विसरू देणार नाही. 1971 च्या डिसेंबरात मामा सीमेवर होता, पत्त्यात फक्त नाव, पलटण आणि 56 ए. पी. ओ., म्हणजे लष्कराचं टपालघर. कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. आजीला पहाटे देवीचा दृष्टांत झाला की मुलगा सुखरूप आहे, हाताला थोडं लागलंय. त्यानंतर काही दिवसांनी इनलँड आलं. खुशाल आहे, मनगट मुरगळलंय, डाव्या हाताने लिहितो आहे. सगळ्या आळीत झालं की देवीने आधीच कळवलं होतं. पुढे लग्न झाल्यावर बाबांनी ते इनलँड बघायला मागितलं. बाकी जावई सासुरवाडीला गेले की आंबे मागतात! बाबांनी भिंग काढलं, ए. पी. ओ.चा ठप्पा उजेडात तिरका धरून वाचला आणि जाहीर केलं की पत्र दृष्टांताच्या आधीच निघालेलं आहे. म्हणजे देवीने भविष्य सांगितलं नाही, शिळी बातमी दिली. आजी काही बोलली नाही. बोललीस तू, आई: "पत्र आधी निघालं असेल. पण आम्हाला आधी काय पोचलं?"

बाबा, ह्याला तुमच्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि अजून नाही. तुमच्या खात्याचं खरं हत्यार अर्धा आणा नव्हे, ठप्पा आहे. कुठून निघालं, कधी निघालं, कुठल्या कचेरीत कधी पोचलं, सगळं त्या काळ्या गोलात. बातमीला गाव आणि तारीख लागली, आणि दृष्टांताला ती कधीच नव्हती. एकदा माणसाला ठप्पा बघायची सवय लागली की तो स्वप्नालाही विचारायला लागतो, तू निघालास कधी? शाळा, वर्तमानपत्रं, डॉक्टर ह्यांनीही तेच शिकवलं, सगळं श्रेय टपालखात्याला देऊ नका. पण तुमचा ठप्पा निरक्षर माणसाच्याही दारात पोचला, कारण पोस्टमन पत्र वाचून दाखवायचा आणि तारखेपासूनच सुरुवात करायचा.

तरीपण दुकान बसलं, हे मी मान्य करत नाही. पुरावा तुमच्याच नोकरीतला देते. आर. एम. एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, रात्रपाळीला तुमच्यासमोर सॉर्टिंगच्या खणांत एकाच अक्षरातली कार्डांची चळत यायची, आठवतं? अमक्या देवळात नाग प्रकटला, पुजाऱ्याला देव म्हणाला, हे कार्ड मिळताच अशीच 11 लिहून पाठवा. ज्याने पाठवली त्याला लॉटरी लागली, ज्याने फाडलं त्याचा मुलगा गेला. घरी येऊन तुम्ही चिडचिड करायचात की देवामुळे थैल्या जड झाल्या. म्हणजे टपालाने देवाचे निरोप थांबवले नाहीत, उलट 15 पैशांत घरपोच केले! माझ्या मते देवाच्या निरोपाचा धाक गेला तो तिथे. पाल चुकचुकली तर बोलता बोलता थांबणारी आई ती कार्डं सरळ बंबात घालायची. कळी पडायची वाट बघताना जे पोटात होतं ते पोस्टमनने पेपरबरोबर टाकलेल्या धमकीने कसं होणार? हल्ली तेच मोबाइलवर येतं, 11 ग्रुपला पाठवा म्हणून, आणि ते पाठवणाऱ्याचाही त्यावर विश्वास नसतो.

आणि हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत 1844 साली मोर्सची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला बोलू लागली. चारच वर्षांत न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावी फॉक्स आडनावाच्या दोन पोरी मेलेल्या माणसाशी टकटक करून बोलू लागल्या. इकडून प्रश्न, तिकडून टकटक. लोकांनी त्याला आत्म्यांची तारच म्हटलं. त्यातल्या एकीने 1888 साली सगळ्यांसमोर कबूल केलं की पायाच्या बोटांचे सांधे वाजवून ते आवाज काढत होतो. पण तोवर समुद्रापलीकडेही लोक मेजाभोवती बसू लागले होते. आपल्याकडे वाटीवर बोट ठेवून प्लँचेट करणारे काका तुमच्याच पिढीतले, आणि चांगले बी. एस्सी. झालेले. नवं यंत्र आलं की परलोक गाशा गुंडाळत नाही, तोही तेच यंत्र वापरायला शिकतो.

पिनकोडचंही तसंच. बाबांना ज्यांचं नाव घेतल्याशिवाय 15 ऑगस्ट साजरा होत नाही ते श्रीराम भिकाजी वेलणकर. 1972 च्या त्याच दिवशी त्यांचे सहा आकडे देशभर लागू झाले. हा माणूस संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारा, त्याला ना देववाणी परकी ना खणांचा हिशेब. आणि झालं काय, तर देवांनाही पिनकोड मिळाले. शबरीमलैच्या सन्निधानातलं पोस्ट, 689713, फक्त यात्रेच्या हंगामात उघडतं, आणि तिथे अय्यप्पाच्या नावाने लग्नपत्रिका येतात, मनीऑर्डरी येतात. रणथंबोरच्या किल्ल्यातल्या त्रिनेत्र गणपतीला तर गाडीभर टपाल येतं, पहिली पत्रिका त्याला. आपल्याकडच्या किती जणांनी हळदीकुंकू लावून पाठवली असेल. पोस्टमन ती देवळात नेऊन देतो आणि पुजारी देवासमोर वाचतो.

आता काल काय झालं ते. आई, तुला फोनवर आवाज ऐकू आला, पण दिसलं काही नाही, म्हणून लिहिते. जुन्या इंदुरात दुपारी गर्दी नव्हती. माझ्या आधी कुणाचा तरी परदेशातून फोन आला होता. पुजारीबुवांनी तो मूर्तीच्या कानाशी धरला, स्पीकर बंद, आणि स्वतः मान वळवून दाराकडे बघत उभे राहिले. कुणाचं तरी खाजगी बोलणं चाललंय तर आपण ऐकू नये, एवढी ती रीत. आतून बाईचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, मधेच हुंदका असावा. बोलणं संपलं तसा त्यांनी उपरण्याने काचेवरचा शेंदूर पुसला, "हो गया बेटा" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मग माझा हात पुढे आला, म्हणजे तुझा नंबर. तू बराच वेळ बोललीस. मला काही ऐकू आलं नाही आणि मी विचारणारही नाही.

पण मी एक बघत होते. इथे लोक आधी पत्रं पाठवायचे, आता फोन करतात, आणि उत्तराची वाट कुणीच बघत नाही. कौलाला सगळं गाव श्वास धरून देव काय म्हणतो ते बघायचं. इथे बोलून झालं की हो गया. बाबा, तुमच्या टपालाने हे केलंय. पूर्वी देव सांगायचा आणि आपण ऐकायचो, आता आपण सांगतो आणि त्याने ऐकायचं. तो पाठवणारा होता, आता पत्ता झालाय. विश्वास किती घटला ते मला मोजता येणार नाही, पण निरोपाची दिशा उलटली हे कालच्या अर्ध्या तासात दिसलं. आणि ह्या दिशेची गर्दी कमी झालेली नाही. निघताना रांगेत एक मुलगा होता, हातात स्पर्धा परीक्षेचं हॉलतिकीट आणि फोनवर बहुतेक गावाकडची आई.

वाट बघायलाही फट लागते, ती फट आता उरलेली नाही. पंधरा दिवस पत्र आलं नाही तरी आजी रोजचं काम करायची, अधूनमधून कावळ्याकडे बघायची. आता दादाने वीस मिनिटं निळी टिक दिली नाही की आई, तुझा जीव वरखाली. फक्त तू कावळ्याकडे बघत नाहीस, मला फोन करतेस. कावळ्याच्या जागी मी आहे, आणि मला कुणी दहीभातही ठेवत नाही.

एवढं सगळं लिहून मुद्दा गुडघ्यापाशीच येतो. बाबा, तुम्ही दोन डॉक्टरांचे रिपोर्ट मागवलेत, दोघांचे एक्स-रे दादाने मोबाइलवर पाठवले, ते मिनिटात इथे आले आणि इथल्या डॉक्टरांनाही दाखवून झाले. बातमीचं खातं चोख चाललंय. एक म्हणतो लगेच करा, दुसरा म्हणतो सहा महिने व्यायाम करून बघा. करायचं की नाही हे कुठल्या रिपोर्टमध्ये आहे? ते दुसरं खातं आहे, आणि तिथे आई ज्याला विचारते त्याला विचारू दे. भिंग घेऊन तिच्या मागे लागू नका. आई, तुलाही सांगते, चिंतामणाला सांगून झालंय, आता डॉक्टर म्हणतात तो व्यायाम रोज कर. "देवावर सोपवलंय" म्हणून खाटेवर बसून राहायचं नाही.

बाकी, बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा आहे. तो तिकडूनही मोबाइलवर करता येतो, दादाला आधार कार्ड काढून ठेवायला सांगा. लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्याची किल्ली सापडत नाहीये, मामाचं इनलँड त्यातच आहे ना? ओल येते आहे, काढून वर ठेवते. दादाकडे येणारं कुणी भेटलं तर शेव पाठवते, बाबांना लवंगाची, आईला बिनतिखटाची. आणि बाबा, एक कळवा. "श्री गणपती, रणथंबोर" एवढंच लिहिलेलं, पिन नाही, जिल्हा नाही, असं पाकीट रात्रपाळीत हातात आलं तर तुम्ही ते सवाई माधोपूरच्या थैलीत टाकायचात, की अपुऱ्या पत्त्याचं म्हणून परत? आई म्हणते टाकायचात. मला तुमच्या हातचं उत्तर हवंय, कार्डावर.

ऑपरेशनची तारीख ठरली तर आधी मला सांगा, रजा टाकावी लागेल.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
मंजू